गाव सोडून सगळ्यांनी बघावं

माझी बायको म्हणते, "तुम्ही तिघं चॅनेल कमी चालवता आणि सांगण्यासारखं जास्त करून ठेवता!" तिचं काही चुकत नाही. परंड्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक फोन टाकून निघालेलं असतं, सहज म्हणून चॅनेलचं विचारतं आणि तिथंच स्टुलावर बसतं. एक किस्सा सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा निघतो, दुसऱ्याच्या मागून तिसरा. फोन तसाच उघडा पडलेला! म्हणून म्हटलं, एकदाचं सगळं ओळीनं सांगून टाकावं. निदान दुरुस्तीची कामं तरी वेळेवर होतील.

गावाचं नाव मात्र सांगणार नाही. सोनारीच्या बाजूला आहे, एवढं पुरे. वर्षभराची सवय आहे ती; का लागली ते लगेच कळेल.

आधी माणसं सांगतो. संगीतावहिनी म्हणजे माझा बालमित्र बाळू वाघमोडे याची बायको. घरात पन्नासेक शेळ्या, थोडी मेंढरं, आणि शेळीतलं वहिनींना जेवढं कळतं तेवढं पंचक्रोशीत कुणाला कळत नसेल; सगळं सासऱ्यांच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांची मुलगी प्राजक्ता परंड्याला कॉलेजात शिकते. तिनं एकदा आईचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. वहिनी शेळीची खालची पापणी ओढून दाखवतायत: आतून लालसर असली तर बरं, पांढरी फटक असली तर समजा पोटात जंत झालेत. संपला व्हिडिओ! प्राजक्तानं तो सकाळी टाकला आणि दुपारपर्यंत तो हजारो लोकांनी बघितला. वहिनींना सांगितल्यावर त्यांनी आधी पदर सारखा केला आणि मग विचारलं, "एवढ्या लोकांनी? कुठं बसून?"

तेव्हापासून बोलायचं वहिनींनी, शूटिंग मी करायचं आणि आकडे प्राजक्तानं बघायचे, असं ठरलं. ॲपमध्ये ॲनालिटिक्स नावाचा एक भाग असतो. कोण बघतंय, कुठून बघतंय, कितव्या सेकंदाला कंटाळून निघून जातंय, सगळं तिथं दिसतं. प्राजक्ता परीक्षेच्या निकालासारखं रोज ते उघडून बसते.

राहिले तात्या. बाळूचे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, घरात शब्द त्यांचाच. त्यांच्याकडं बटनाचा फोन, व्हिडिओ दिसायची सोय नाही, म्हणून आम्ही समोर जाऊनच विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करा. पुण्यात बघू द्या, मुंबईत बघू द्या, माझं काय म्हणणं न्हाय. पण ह्या गावात कुणी बघता कामा न्हाय. म्हातारा सुनंला मोबाईलात नाचवतो म्हणत्याल. पारावर एका माणसानं जरी मला इचारलं, तर त्याच दिवशी बंद!"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वहिनी, असं कसं जमायचं? सोडून देऊ."

तशा त्या थांबल्या. म्हणाल्या, "भावजी, लग्नाला बावीस वर्षं झाली. 'ताई, आता काय करू?' असं मला आजवर कुणी इचारलं नव्हतं. आता रोज इचारत्यात. मला न्हाय सोडायचं."

मग काय! बाकीचे लोक चॅनेल काढलं की पहिल्यांदा मामाला, मावशीला, शेजाऱ्याला बघायला लावतात. आम्ही गाव सोडून सगळ्या महाराष्ट्राला दाखवायला निघालो.

*

पहिला झटका रिटेन्शनच्या ग्राफनं दिला. म्हणजे व्हिडिओ सुरू झाल्यावर माणसं किती वेळ टिकतात त्याची रेघ. आमची रेघ सुरुवातीलाच धाडकन खाली!

"आई, तिसऱ्या सेकंदाला निम्मी माणसं निघून जातात," प्राजक्ता म्हणाली.

वहिनींना वाईट वाटलं. "मी कुणाला काय वंगाळ बोलले तिसऱ्या सेकंदाला?"

सगळे व्हिडिओ पुन्हा लावले. प्रत्येक व्हिडिओत सुरुवातीला वहिनी माझ्याकडं बघून विचारतायत, "भावजी, झालं का सुरू?" आणि मी, कॅमेरामन, प्रत्येक व्हिडिओत खणखणीत आवाजात सांगतोय, "व्हय, बोला!" लोकांना वाटायचं की चुकून चालू राहिलेला व्हिडिओ आहे, आणि ते पुढं जायचे.

तेवढं कापलं. रेघ सुधारली. आम्ही खूश! दहा दिवसांनी पुण्याहून एका मुलाची कमेंट आली: "ताई, पहिल्यासारखं 'झालं का सुरू' म्हणत जा. माझी आई व्हिडिओ कॉलवर असंच विचारते." त्याच्याखाली पन्नास जणांनी 'हो हो' लिहिलं. शेवटी प्राजक्तानं ते वाक्य व्हिडिओच्या शेवटी नेऊन लावलं. लोक आता ते ऐकायला शेवटपर्यंत थांबतात.

माझ्या 'व्हय, बोला'ची आठवण मात्र आजपर्यंत एकानंही काढलेली नाही.

*

आता हे ऐका. लोक ॲपवर काय शोधत आमच्याकडं येतात, त्याची यादीसुद्धा मिळते. आपल्या जिल्ह्याची शेळी म्हणजे उस्मानाबादी, अंगानं काळीभोर. त्यामुळं लोक शोधतात 'काळी शेळी'. आणि आमचा व्हिडिओ काही त्यांना दिसत नाही. का? तर वहिनींच्या तोंडून 'काळी' हा शब्द एकदाही आलेला नाही!

तात्यांचं नाव काळूराम. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि नावासारखा शब्दही घ्यायचा नाही, हे वहिनींना लग्नात सांगितलं होतं. त्यांनी ते बावीस वर्षं पाळलं. त्यांच्या घरात काळ्या मसाल्याला 'आपला मसाला' म्हणतात आणि काळ्या चहाला 'बिनदुधाचा'. व्हिडिओतसुद्धा त्या म्हणायच्या, "ही बघा आपली उस्मानाबादी. अंगानं… ह्या रंगाची."

"वहिनी, मामंजी काय बघणार आहेत का व्हिडिओ? एकदा म्हणा की!"

"म्हणू वाटतंय भावजी, पण जीभच वळत न्हाय!"

त्यांनी खरंच प्रयत्न केला. पाच वेळा शूटिंग केलं. "अंगानं का… का… कसली छान हाय बघा!"

शेवटी प्राजक्ता म्हणाली, "मी नात आहे, मला चालतं." वहिनी "अंगानं" म्हणून थांबायच्या आणि कॅमेऱ्याच्या मागून ही पोरगी ओरडायची, "काळी!" काय सांगू, ग्राफला नेमक्या त्याच जागी उंचवटा यायला लागला. लोक तेवढंच मागं घेऊन पुन्हा ऐकत होते. 'मागून कोण ओरडतंय' म्हणून कमेंटांचा पाऊस!

आणि तुळजापूरच्या एका चष्मेवाल्यानं कळवलं: "ताईंना रंग ओळखता येत नसेल तर दर्शनाला याल तेव्हा दुकानावर या. डोळे फुकट तपासून देतो."

*

उंचवट्यावरून आठवलं. खुरं कशी कापायची याचा एक व्हिडिओ केला होता. वहिनींनी इतकं सुंदर समजावून सांगितलं की मीच शूटिंग करता करता शिकलो. दोन दिवसांनी प्राजक्ता नाचतच दुकानात आली. "काका, एकविसाव्या सेकंदाला ग्राफ बघा! लोक तीन-तीनदा बघतायत!"

एकविसाव्या सेकंदाला वहिनी चाकू तिरका धरायला सांगतात. मी म्हटलं, बघा, लोकांना ज्ञानाची कदर आहे! वहिनीही फुशारल्या. आम्ही खास चाकू तिरका धरण्यावर वेगळा व्हिडिओ केला. कुणी म्हणजे कुणी बघितला नाही.

मग मी जुना व्हिडिओ नीट बघितला. वहिनींच्या मागं माझी मोटारसायकल उभी होती. एकविसाव्या सेकंदाला एक बोकड तिच्या शीटवर चढतो, चारी पाय जुळवून उभा राहतो आणि शीट टराटरा फाडतो. आणि मी समोर, कॅमेऱ्यात डोळा घालून, "वा वहिनी, वा!" करतोय!

मला वाटलं, पोरगी निदान सॉरी तरी म्हणेल. तर म्हणाली, "काका, पुढच्या व्हिडिओलापण गाडी तिथंच लावाल का?"

*

बघणारे कुठल्या शहरातले आहेत ते ॲप सांगतं, पण खेड्यांची नावं येत नाहीत. आमची मोठी अडचण झाली. जगाचं कळतंय, गावाचंच कळत नाही! प्राजक्ता यादी वाचून दाखवायची आणि दुसऱ्या कुठल्याही घरात ज्या बातमीनं पेढे वाटले असते, त्या बातमीत वहिनी आधी गावातलं माणूस शोधायच्या.

"आई, पुण्यात सगळ्यात जास्त बघतात तुला!"

"पुण्यात आपल्या गावातलं कोणकोण हाय गं?"

"आई, बेंगळुरूलासुद्धा बघतात!"

"तिकडं पाटलाचा जावई असतोय. तो न्हाय ना?"

एकदा नावापुढं 'उमरगा' लावलेल्या एका खात्यावरून कन्नड लिपीत लांबलचक कमेंट आली. तिकडं सीमेवर दोन्ही भाषा चालतात. आम्हाला एक अक्षर कळेना. वहिनींना खात्रीच झाली की कुणीतरी शिव्या दिल्यात. "नाव खराब झालं भावजी. मामंजींना कळायच्या आत काढून टाका." मी म्हटलं थांबा. माझ्याकडं सीमेपलीकडचा एक ट्रकवाला फोन दुरुस्तीला आला होता, त्याला कन्नड वाचता येत होतं. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं आणि हसायला लागला.

"तुमच्याबद्दल काही नाही हो. ती डाव्या बाजूची शेळी लई देखणी आहे, तिला दृष्ट लागेल, काढून टाका म्हणतोय!"

वहिनींनी त्याच दिवशी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढली. माझ्या मते त्या कमेंटकर्त्यासारखा मनापासून बघणारा आम्हाला दुसरा मिळालेला नाही.

*

पुढचा किस्सा माझ्या अकलेचा आहे, तेव्हा तो मीच सांगितलेला बरा.

गावातलं कोण बघतंय ते कळत नाही ना? मला युक्ती सुचली. गावात तीन घरांत दोन घरं वाघमोडे. मग चॅनेलवर वाघमोडे आडनावाचं खातं दिसलं की ब्लॉक करायचं! ना राहील बांबू… जाऊ दे. तीन दिवस दुकानात बसून मी हेच केलं. गिऱ्हाइकं ताटकळली, पण मी एकेक वाघमोडे शोधून बाहेर काढला. कुणाला विचारलं नाही. म्हटलं, काम झाल्यावर सांगू, शाबासकी मिळेल.

चौथ्या दिवशी ग्राफ असा पडला की प्राजक्ताला रडूच यायचं बाकी राहिलं. "काका, असं कसं झालं? व्हिडिओ तर चांगला आहे!"

तेवढ्यात बाळू दुकानात आला. "दत्त्या, माझ्या फोनला काय झालंय बघ. बायकोचं चॅनेलच दिसंना."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, शेळ्या-मेंढ्या पाळणारे कोण? सांगली म्हणू नका, सातारा म्हणू नका, माळशिरस म्हणू नका, जिकडं मेंढरं तिकडं वाघमोडे! आमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे वाघमोडे, आणि मी ते वेचून वेचून हाकलले होते. वर वहिनींच्या नवऱ्यालाही!

प्राजक्तानं माझ्या हातातून फोन घेतला आणि एकेकाला परत आत घ्यायला सुरुवात केली. अर्ध्या तासानं म्हणाली, "काका, ह्या यादीत एक दत्तात्रय वाघमोडे आहेत. फोटोत तुमच्यासारखेच दिसतात."

*

वयाचाही एक तक्ता असतो. त्यात आमचे सगळ्यात जास्त प्रेक्षक अठरा ते चोवीस वयाचे. साठच्या वर जवळजवळ कुणीच नाही. प्राजक्ता म्हणाली, "मग आपण तरुणांसारखं करू या." तिनं व्हिडिओला मागून धडाड-धूम म्युझिक लावलं, अक्षरं उड्या मारत यायला लागली. वहिनी त्यात काय बोलतायत ते मलाही ऐकू येईना, आणि मी तर समोर उभा होतो!

आठवड्याभरात दुकानाच्या नंबरवर एक फोन आला. चॅनेलवर तोच नंबर दिलाय. आवाज थकलेला, पण कडक.

"ते गाणं बंद करा आधी! मला डोळ्यानं काय दिसत न्हाय, कानानंच ऐकतो मी. ताईचा शब्द एक कळंना."

"आजोबा, तुमचं वय किती?"

"ऐंशीच्या पुढं आसंल."

"अहो, पण आमच्याकडं तर सगळी पोरंच दिसतात बघणारी!"

"फोन नातवाचा हाय. त्यो सकाळी कामाला जायच्या आधी लावून देतो, आमी पाच-सहा म्हातारे ऐकत बसतो देवळापाशी."

म्हणजे आमच्या तक्त्यातला एक चोवीस वर्षांचा प्रेक्षक म्हणजे प्रत्यक्षात ऐंशीतले सहा म्हातारे! मी प्राजक्ताकडं बघितलं, प्राजक्तानं तक्त्याकडं बघितलं. म्युझिक त्याच दिवशी बंद झालं. मी आजोबांची माफी मागितली.

फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या त्या कागदात माझं वय किती धरलंय?"

"बावीस-तेवीस, आजोबा."

"मग तेवढं दुरुस्त करू नका!"

*

पुढचा किस्सा छोटासाच आहे, पण सांगतो. व्हिडिओ कधी टाकायचा? सगळे म्हणतात, जेवणं झाल्यावर, लोक निवांत असतात तेव्हा. प्राजक्तानं तीन आठवडे वेगवेगळ्या वेळी व्हिडिओ टाकले, वहीत रकाने पाडले, रंगीत पेनांनी आकडे मांडले आणि मग आम्हाला बसवून निकाल सांगितला, "आपले लोक दुपारी एक ते तीन या वेळात सगळ्यात जास्त बघतात! कारण मात्र अजून समजलेलं नाही."

वहिनी शेळीचं दूध काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उन्हाचं शेळ्या झाडाखाली बसत्यात. मग राखणारं माणूस काय करंल? मोबाईल काढंल. तीन आठवडे कशाला घातले? मला इचारायचं की!"

प्राजक्तानं वही मिटली. तेव्हापासून ती आधी आईला विचारते आणि मग ग्राफ बघते. दोन्ही जुळलं नाही तर ग्राफ चुकलाय असं धरतो.

*

वर्ष होत आलं तशी एकेक फट पडायला लागली. गावातल्या अंगणवाडीच्या मॅडमनी वहिनींना हळूच सांगितलं, "मी बघते हं तुमचे व्हिडिओ!" वहिनींनी मॅडमकडून शपथ घेतली. मग टपाल वाटणारा आणि त्याची बायको बघतायत असं कळलं, त्यांच्याकडूनही घेतली. आम्ही नावं लिहून ठेवत होतो. तिकडं ॲपमधली यादी वाढली की आनंद आणि इकडं ही यादी वाढली की धडकी! पारावर तात्या बसलेले दिसले की मी गाडी लांबून घालायचो. कुणी त्यांच्या कानाला लागलेलं दिसलं की तिथंच थांबून बघत राहायचो. उगीच नाही सांगत, वहिनींचं तोंड डोळ्यापुढं यायचं.

एकदा पिठाच्या गिरणीचे नाना मला अडवून म्हणाले, "मला सगळं माहीत झालंय. तात्यांना सांगू का?"

"नाना, असं करू नका. काय पाहिजे तुम्हाला?"

"माझ्या शेळीला तीन दिवस झालं पोट फुगतंय. ताईनी येऊन बघितलं तर मी कुणाला काय बोलायचा न्हाय."

वहिनी तशाच पिशवी घेऊन गिरणीवर गेल्या. शेळी बघितली, गोडंतेल पाजलं, दुपारपर्यंत थांबल्या, शेळी उठून चालायला लागली. निघताना म्हणाल्या, "नाना, एवढ्यासाठी धमकी कशाला? नुसतं इचारलं असतं तरी आले असते की!"

नाना इतके ओशाळले की आठ दिवस वहिनींच्या घरचं पीठ फुकट दळून येत होतं. मग तात्यांनीच एक दिवस घरात विचारलं, "हा नाना एकाएकी एवढा प्रेमळ कसा काय झाला?"

*

आणि आता गेल्या महिन्यातलं.

कळपाला नवीन बोकड घ्यायचा होता. तात्या एकटेच एसटीनं उमरग्याच्या बाजूला पाहुण्यांकडं गेले. तिथून जवळच्या एका माणसाचा बोकड बघून दुसऱ्या दिवशी परत येणार होते. बोकड बघायला ते अजूनही दुसऱ्या कुणाला पाठवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळूचा फोन. "दत्त्या, शटर ओढ आन घरी ये. तात्यांनी तुम्हा तिघांना समोर बोलवलंय."

"काय झालं?"

"कळंना. स्टँडवरून गाडीवर घेऊन आलो, वाटंत एक शब्द बोलले न्हायीत. आल्या आल्या म्हणाले, मोबाईलवाल्यांना बोलव."

मी पोचलो तर वहिनी गोठ्यापाशी उभ्या होत्या. डोळे लाल. म्हणाल्या, "भावजी, संपलं बहुतेक. मी काय वाद घालणार न्हाय. शब्द दिला होता त्यांना. पण काल एका बाईनं इचारलंय, करडू दूध पीत न्हाय म्हणून. तिला तेवढं उत्तर देऊन मग बंद करू द्या म्हणा."

प्राजक्तानं आईचा हात धरला होता. आम्ही तिघं ओट्यासमोर जाऊन उभे राहिलो. तात्या घोंगडीवर बसले होते. त्यांनी पाणी मागितलं, सावकाश प्यायले, आणि सांगायला लागले.

"बोकड चांगला होता. मी आधी त्याचे दात बघितले. चार दाती, ऐन उमेदीतला. मालकाला म्हणलं, बोला. तर त्यो पोरगा माझ्याकडं बघून हसला. म्हणतो, 'बाबा, नुसते दात बघून बोकड घेता व्हय? आधी चालवून बघा, मागचे पाय बघा, त्याची आई किती दूध देती ते इचारा.' माझ्याकडं बघून म्हणतो! मी म्हणलं, तुला कुणी शिकवलं? तर मोबाईल काढला आन ही दाखवली."

त्यांनी वहिनींकडं बोट केलं. वहिनींनी मान खाली घातली.

"त्याचा बाप आला, चुलता आला, शेजारची दोन माणसं आली. सगळी मला समजावून सांगायला लागली. 'बाबा, आमच्या ताई असं म्हणत्यात, आमच्या ताई तसं म्हणत्यात.' बोकड चालवून दाखवला, पाय दाखवले. लई खुळ्यात काढलं मला. शेवटी त्यो म्हणतो, 'ताई म्हणत्यात, हे सगळं त्यांना त्यांच्या घरातल्या मोठ्या माणसानं शिकवलं. बाबा, तसली माणसं आता बघायला मिळायची न्हायीत.'"

बाळूनं हळूच विचारलं, "मग तुम्ही सांगितलं का, तुम्ही कोण ते?"

"मी कशाला सांगू? बोकड ठरवला आन आलो."

मग त्यांनी प्राजक्ताला जवळ बोलावलं.

"तुझ्या त्या यंत्रात सगळं कळतंय म्हणत्यात. खरं सांग. आपल्या गावातली किती माणसं बघत्यात?"

प्राजक्ता ताठ उभी राहिली. स्पष्ट बोलली. "चारच, तात्या. भैरवनाथाची शपथ! पाचवं माणूस नाही." मीही जोरजोरात मान हलवली. वर्षभर ही एक गोष्ट आम्ही जिवापाड सांभाळली होती.

तात्यांनी आधी नातीकडं बघितलं, मग सुनेकडं, मग माझ्याकडं.

"उमरग्याचं माणूस मला शेळी शिकवाय लागलंय, आन हितं गावात चारच?" ते म्हणाले. "मग वर्षभर करत काय होता रं तुमी?"